खापरपणजोबांचा दाखला

मोबाइल घरीच ठेवा, तिथे त्याचा उपयोग नाही. खिशातली नाणीही काढून ठेवा. दशमान नाणी यायला अजून तीन वर्षं आहेत, तुम्ही निघाला आहात तिथे रुपयाचे सोळा आणे होतात.

जानेवारी १९५४ संपत आला आहे. बोरीबंदरला गाडीत बसलात आणि घाट चढून इगतपुरीला पोहोचलात. इथे गाडी जरा रेंगाळते. विजेच्या तारा इगतपुरीलाच संपतात, म्हणून विजेचं इंजिन सुटतं आणि वाफेचं जोडतात. गाडी पुन्हा हलली की खिडकी ओढून घ्या, नाहीतर डोळ्यात कोळशाचा कण जाईल. शेजारी तुमचा आठ वर्षांचा मुलगा आहे. नव्या सदऱ्याची कॉलर त्याला टोचते आहे आणि तो दर पाच मिनिटांनी विचारतो आहे, "देवळाली कधी येणार?"

समोरच्या बाकावर धोतर, काळा कोट आणि टोपी घातलेले एक गृहस्थ आहेत. नाशिककडच्या कुठल्याशा शाळेत मास्तर असावेत, कारण मुलाला जवळ घेऊन त्यांनी आधी अडीचकी म्हणायला लावली. पोरगं दुसऱ्याच अडीचाला अडकलं.

"कुठे घालताय याला?"

"बार्न्समध्ये घालावं म्हणतोय. देवळालीला."

"इंग्रजीत?" मास्तरांनी तपकिरीची डबी बंद केली. "घेणार नाहीत. वर्तमानपत्र वाचत नाही का तुम्ही? सरकारचा हुकूम निघालाय."

हुकूम निघाला आहे हे खरं. मुंबई राज्य आज धारवाडपासून पार गुजरातपर्यंत पसरलेलं आहे आणि मोरारजी देसाई मुख्यमंत्री आहेत. ६ जानेवारीला त्यांच्या सरकारने एक परिपत्रक काढलं. इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही प्राथमिक वा माध्यमिक वर्गात यापुढे फक्त इंग्रजी ही ज्यांची भाषा आहे अशा नागरिकांचीच मुलं घ्यायची. असे नागरिक कोण, तेही परिपत्रकानेच ठरवून टाकलं: अँग्लो-इंडियन आणि ज्यांचा वंश आशियाई नाही असे नागरिक. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. शाळांना हवं तर हिंदी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेचे वर्ग खालच्या इयत्तेपासून सुरू करायला सरकार परवानगी देईल.

"मला विचाराल तर बरं झालं," मास्तर म्हणतात. "इंग्रज गेला, पण त्याची खुर्ची रिकामी ठेवून आपण भोवती उभे. हुशार पोरं इंग्रजीत गेली की मराठी शाळेत कोण उरणार? ज्यांना दुसरीकडे जायला पैसे नाहीत ते. मग शाळेचं छप्पर गळलं तर बोलणार कोण?"

उत्तर द्यायची घाई करू नका. सत्तर वर्षांनंतरच्या महाराष्ट्रातून तुम्ही आला आहात. बंद पडलेल्या मराठी शाळा तुम्ही पाहिल्या आहेत. हे मास्तर मूर्ख नाहीत, आणि परिपत्रक काढणारेही नव्हते. भाषेची काळजी खरीच होती. पुढे जे घडतं ते नीट कळायचं असेल तर एवढं मनात धरूनच गाडीतून उतरा.

देवळाली. हवा कोरडी आणि गार. टांगा कॅम्पातून जातो, लष्कराची तोफखान्याची शाळा इथेच आहे. पारशी आणि गुजराती मंडळींचे बंगले, आरोग्यभुवनं आणि मग लांबवर बार्न्सच्या दगडी इमारती. ही शाळा काल-परवाची नाही. तिची मूळ संस्था, बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ मध्ये मुंबईत काढली. भायखळ्याहून शाळा इथे आली ती १९२५ मध्ये. सुरुवातीपासून शिकवणं इंग्रजीत. मात्र मुलं एकाच जमातीची नाहीत. गेल्या डिसेंबरात पटावर ४१५ मुलं होती, त्यांतली २१२ अँग्लो-इंडियन. उरलेली दोनशेतीन तुमच्या-आमच्यासारख्यांची. नव्या हुकमाने ही दोनशेतीनची रांग हळूहळू आटणार, तिच्याबरोबर फीही आटणार, आणि निम्म्या फीवर शाळा फार काळ तग धरत नसते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत जा. ते उठून उभे राहतात, मुलाच्या गालाला हात लावतात, तुम्हाला बसायला सांगतात. हा माणूस तुम्हाला हाकलतो आहे असं चुकूनही वाटणार नाही, म्हणूनच पुढचं ऐकायला जास्त अवघड जातं. टेबलावर परिपत्रकाची प्रत आहे. ते विचारतात, आपण अँग्लो-इंडियन आहात का?

तुम्ही नाही म्हणता.

"मग माझा नाइलाज आहे."

घरी आम्ही इंग्रजी बोलतो, असं सांगून पाहा. उपयोग होणार नाही. याच दिवसांत एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याने आपल्या मुलीसाठी नेमकं हेच सांगितलं होतं: आमच्या घरात इंग्रजीच चालते, मुलीची मातृभाषा तीच. तरी नाही. एका गुजराती हिंदू डॉक्टरांच्या मुलालाही नाही. कारण परिपत्रक वरवर भाषेबद्दल बोलत असलं, तरी दारात तपासलं जातं ते रक्त.

अँग्लो-इंडियन म्हणजे कोण, हे राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात लिहिलेलं आहे. ज्याचा बाप किंवा बापाच्या बाजूचा कोणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा होता, तो. आईकडून मोजायचं नाही. म्हणजे तुमच्या पोराचा तिसरीतला प्रवेश त्याच्या वाचनावर नाही, अडीचकीवर नाही, तर त्याच्या खापरपणजोबांवर टांगलेला आहे. इथून चार कोसांवर नाशकात तीर्थोपाध्यांच्या चोपड्या आहेत. तिथे जाऊन बसलात तर सात पिढ्यांची नावं मिळतील, कोण कधी पिंडदानाला आला तेही मिळेल. एखादा विल्यम मात्र सापडणार नाही. झालं, प्रवेश बंद.

मुलगा बाहेरच्या मैदानाकडे बघतो आहे. तिथे पोरं हॉकी खेळताहेत. "बाबा, आपण उद्या परत यायचं का?"

निघण्याआधी एक गोष्ट टिपून ठेवा, पुढे लागेल. मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारताना कारण स्पष्ट सांगितलं आहे. "जागा नाहीत", "मुलाची तयारी कमी पडते", "नंतर कळवतो" असली टोलवाटोलवी केलेली नाही. हुकूम दाखवला, त्यामुळे नाही म्हणतो, असं सांगितलं. खटला उभा राहतो तो या सरळपणावर.

आता पंधरा-वीस दिवस पुढे सरका. मुंबईत फोर्टमधल्या हायकोर्टाच्या दगडी जिन्याने वर चला. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये ज्या दालनात शिक्षा झाली, तिथली स्मृतिशिला अजून लागलेली नाही. ती दोन वर्षांनी लागेल, आणि तिचं अनावरण करतील तेच गृहस्थ आज मुख्य न्यायमूर्तींच्या खुर्चीत बसले आहेत: महंमद करीम छागला. शेजारी न्यायमूर्ती दीक्षित. संस्था आणि पालक दोघेही कोर्टात आले आहेत. त्यांच्या बाजूने उभा असलेला सडसडीत वकील नुकताच चौतिशीत आला आहे. घटनेच्या अर्थावरचा त्याचा हा पहिलाच मोठा खटला. नानी पालखीवाला हे नाव अजून घरोघरी पोहोचलेलं नाही, अर्थसंकल्पावरच्या भाषणांना स्टेडियम भरायला बरीच वर्षं आहेत.

खटल्याचा कणा एकाच वाक्याचा आहे, २९ व्या कलमाचा दुसरा भाग. राज्याने चालवलेल्या किंवा राज्याच्या पैशातून मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत कोणत्याही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या किंवा यांपैकी कशाच्याही कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. बार्न्स सरकारी अनुदान घेते. मग तुमच्या मुलाला अडवायचं ते कुठल्या कारणाने?

कोर्टात तुम्हाला पुढची बाकडी मिळणार नाहीत, मागे भिंतीला टेकून उभे राहा. आणि निकाल लागेपर्यंत जरा आडवाटेने जाऊन येऊ, कारण हे वाक्य घटनेत का आलं ते पाहिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.

धारवाड, जून १८५६. हाही मुंबई इलाखाच. सरकारी शाळेच्या बाहेर एक महार मुलगा उभा आहे. त्याला आत घेतलेलं नाही आणि त्याने सरकारकडे अर्ज केला आहे. उत्तर काय मिळतं? एकट्या अर्जदारासाठी, आजवर पुढे आलेल्या या एकमेव महार मुलासाठी, इतरांच्या मनाविरुद्ध त्याला शाळेत घालून शाळेचीच उपयुक्तता धोक्यात घालणं सरकारला बरोबर वाटत नाही. भाषा बघा, किती सभ्य आहे! पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या आहेत. कागदावर आलं, पण कागद आणि ओसरी यांत अंतर किती असतं ते आपल्याला सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रकरणाची आठवण आपल्या लेखनात करून दिलेली आहे. ज्यांना स्वतःला शाळेत गोणपाटावर बसावं लागलं, ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. दारात उभ्या असलेल्या मुलाला "तू कोणाचा?" हा प्रश्न विचारायचा नाही, हे घटनेत येणं म्हणजे पुस्तकी हौस नव्हती.

हे वाक्य दुधारी आहे, हेही जाता जाता सांगायला हवं. १९५१ मध्ये मद्रासचा जातवार प्रवेशाचा हुकूम याच कलमावर आपटून फुटला. दर चौदा जागांमागे सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना आणि मग मुसलमान, ख्रिस्ती अशी ती वाटणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दोन-अडीच महिन्यांत संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून १५ व्या कलमात चौथा भाग घातला, तेव्हा मागासांसाठी शिक्षणात खास तरतुदी करायची वाट मोकळी झाली. आपल्या घटनेची पहिलीच दुरुस्ती होण्यामागे मद्रासच्या कॉलेजांतल्या प्रवेशाचंही कारण आहे. त्या निकालाचे लेखक न्यायमूर्ती सुधी रंजन दास. नाव लक्षात ठेवा, ते लगेच पुन्हा भेटतील.

परत हायकोर्टात या. १५ फेब्रुवारी. छागला आणि दीक्षित यांनी सरकारचा हुकूम घटनेत बसत नाही असं ठरवलं. परिपत्रक निघून चाळीस दिवस झाले होते. आजच्या काळातून आलेल्या माणसाला हा आकडा दोनदा ऐकावासा वाटतो.

सरकार दिल्लीला गेलं, तुम्हीही चला. मे महिना आहे, लू चालली आहे. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची इमारत नाही, ते संसद भवनातल्या संस्थानिकांच्या जुन्या नरेंद्र मंडळाच्या दालनात बसतं. पाच न्यायमूर्ती, मधोमध सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन. पालखीवालांबरोबर फ्रँक अँथनी आहेत. ते अँग्लो-इंडियन समाजाचे नेते, लोकसभेत आहेत, संविधान सभेतही होते. ज्या कलमांवर आज वाद चालला आहे त्यांतली काही लिहिली जात असताना ते समोर बसलेले होते.

सरकारचा पहिला मुद्दा असा की २९ वं कलम अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी आहे, समासातलं शीर्षकच तसं सांगतं. मग बहुसंख्य समाजातल्या गुजराती डॉक्टरने त्याचा आधार का घ्यावा? कोर्टाने मूळ शब्दांवर बोट ठेवलं. तिथे "कोणत्याही नागरिकाला" असं लिहिलं आहे. शाळेला मिळणारं अनुदान बहुसंख्याकांच्या कराच्या पैशातूनही येतं. त्यांच्याच मुलांना दार बंद करता येईल, असा अर्थ काढायचा कशासाठी?

दुसरा मुद्दा जास्त चतुर आहे, इथे कान देऊन ऐका. सरकार म्हणतं, आम्ही मुलाला त्याची भाषा इंग्रजी नाही म्हणून नाकारत नाही. राष्ट्रभाषेची आणि देशी भाषांची वाढ व्हावी, मुलांनी त्यांतून शिकावं, हा आमचा हेतू आहे. हेतू भाषेचा द्वेष नाही, तिचं भलं आहे. मग "केवळ भाषेच्या कारणावरून" नाकारलं असं कसं म्हणता?

२६ मे १९५४ चा निकाल न्यायमूर्ती दास यांचा आहे. हेतू प्रशंसनीय असेल, ते मान्य करतात. पण हेतू एक आणि कारण दुसरं. सरकारच्या मनात काय आहे ते मंत्रालयात राहतं. शाळेच्या दारात मुलाला ज्या गोष्टीमुळे मागे फिरावं लागतं ते कारण, आणि ते कारण इथे भाषा आहे. परिपत्रकाच्या लेखी या मुलाची भाषा इंग्रजी असती तर त्याला अडवलं नसतं, नाही म्हणून अडवलं. हेतूची चादर कितीही स्वच्छ असली तरी तिच्याखाली झाकलेलं कारण बदलत नाही.

मला या निकालातला सगळ्यात देखणा भाग मात्र वेगळाच वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. घटनेच्या ३३७ व्या कलमाने अँग्लो-इंडियन शाळांना दहा वर्षं अनुदान दिलं, ते दर तीन वर्षांनी घटत जाणारं. सोबत अट घातली: वर्षाच्या प्रवेशांपैकी निदान ४० टक्के इतर समाजांच्या मुलांना खुले ठेवले पाहिजेत, तरच अनुदान. म्हणजे घटना बार्न्सला सांगते, इतरांना घ्या नाहीतर पैसे नाहीत. आणि मुंबई सरकार सांगतं, इतरांना घ्याल तर हुकूम मोडला. शाळेने करायचं काय? एका समाजाला दिलेली सवलत त्याच्या दारातून शेजाऱ्यांनाही आत येऊ देण्याच्या अटीवर दिलेली होती. कोर्टाने ही गाठ उकलून दाखवली आणि सरकारचं अपील फेटाळलं. अल्पसंख्याकांना आपल्या संस्थांत आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालात आलं.

तुमच्या मुलाला आता बार्न्समध्ये अर्ज करता येईल. अर्ज करता येईल, प्रवेश मिळेलच असं नाही. मुख्याध्यापक त्याची परीक्षा घेतील, जागा मोजतील, फी सांगतील. पण खापरपणजोबांबद्दल विचारणार नाहीत.

त्या मास्तरांना निकाल वाचून काय वाटलं असेल? वाईटच वाटलं असणार, आणि त्यांची बाजू मी मांडणार. मराठी शाळा ओस पडतील ही त्यांची भीती पुढे अनेक गावांत खरी ठरली. पण परिपत्रकाने ती थांबली असती का? त्याने इंग्रजी हटवली नव्हती. ती वंश बघून काही मोजक्यांच्या हवाली केली होती आणि बाकीच्यांच्या मुलांना सांगितलं होतं की तुम्ही बाहेर थांबा. मराठी शाळेचं छप्पर दुरुस्त करायला त्या कागदात काही नव्हतं. दुसऱ्याचं दार बंद करणं सोपं आणि फुकट असतं. आपलं घर सारवायला पैसे लागतात, शिक्षक लागतात. सरकारं सोपं आधी करतात, तेव्हाही आणि आजही.

परतीच्या गाडीत १९५४ च्या पुढची स्टेशनं भराभर मागे पडू द्या. १९६७ ला मात्र क्षणभर थांबा. छागला आता केंद्रात परराष्ट्रमंत्री आहेत, त्याआधी शिक्षणमंत्री होते. विद्यापीठांतलं शिक्षण घाईघाईने प्रादेशिक भाषांत नेण्याचं धोरण त्यांना पटलं नाही आणि त्यांनी मंत्रिपद सोडलं. पटो न पटो, माणूस आपल्या मताशी पक्का होता. पुढे २०१४: कर्नाटकाने १९९४ मध्ये काढलेला प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मोडीत काढला. माध्यम कोणतं घ्यायचं हे मुलाच्या वतीने पालक ठरवतील, असं तिथे ठरलं. १९५४ चा निकाल इतका पुढे गेलेला नव्हता. त्याने एवढंच म्हटलं होतं की उघडं असलेलं दार वंश आणि भाषा बघून लावता येणार नाही.

महाराष्ट्राने २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा करणारा कायदा केला. माध्यमाला हात लावला नाही, कोणत्याही मुलाला बाहेर ठेवलं नाही. मराठीसाठी कायद्यात बसणारी वाट अशीच असते. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचा शासन निर्णय निघाला. त्यावर रान उठलं, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. या वेळी कोर्टात जायची पाळी आली नाही.

घरी पोहोचलात की मोबाइल उचला आणि मुलाच्या शाळेचा प्रवेश अर्ज उघडा. २९(२) हे कलम सरकारी आणि अनुदानित शाळांना लागू होतं. विनाअनुदानित शाळांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे: प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना, देणगी घ्यायची नाही, मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायची नाही. चाळणी लावली तर पहिल्यांदा २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट, अशी पळवाट राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणून घराजवळच्या शाळेने ही सबब सांगितली तर ऐकून घेऊ नका.

आणि कुठल्याही शाळेने प्रवेश नाकारला, तर भांडत बसू नका. शांतपणे कारण लेखी मागा, तारखेसह, सहीसह. देवळालीच्या मुख्याध्यापकांनी खरं कारण सांगितलं म्हणून परिपत्रक निघाल्यापासून चाळीस दिवसांत हायकोर्टाचा निकाल लागू शकला. तोंडी "नाही" कोर्टात सिद्ध करणं अवघड जातं.